भाड्याच्या खोलीतले बाबासाहेब

चाळ, हॉस्टेल, पथिकाश्रम, लंडनची पेइंग गेस्ट खोली... डॉ. आंबेडकरांचं अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या छपराखाली गेलं. रूम शोधणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी ही गोष्ट.

सातपूरमध्ये दरवर्षी कॉलेजची ॲडमिशन झाली की दुसरी परीक्षा सुरू होते, रूम शोधण्याची. आयटीआयची मुलं, त्र्यंबक रोडवरच्या कॉलेजांत जाणारी मुलं आणि एमआयडीसीत नुकतेच कामाला लागलेले तरुण, सगळे एकाच वेळी अशोकनगर, श्रमिकनगर, सातपूर कॉलनीच्या गल्ल्या पालथ्या घालत असतात. रूम मिळते तीही कशी? भिंतीला ओल, पाणी सकाळी तेवढं अर्धा तास, चौघांत एक संडास. त्यात मालकाचे नियम. लाइट बिल वेगळं, मित्र आणायचे नाहीत, दहानंतर गेट बंद, डिपॉझिट परत मिळेलच असं नाही. आणि हे सगळं मान्य करूनही शेवटी एक प्रश्न येतो : आडनाव काय? त्या उत्तरावर कधी कधी रिकामी असलेली रूम अचानक कालच गेलेली असते.

हा प्रश्न एका विद्यार्थ्याला शंभर वर्षांपूर्वी विचारला गेला होता. त्याच्याकडे तेव्हा अमेरिकेतल्या विद्यापीठाची पदवी होती, संस्थानात सरकारी नोकरी होती, खिशात भाड्याचे पैसे होते. तरीही त्याला काठ्या घेऊन खोलीबाहेर काढण्यात आलं. त्या विद्यार्थ्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. बाबासाहेबांची चरित्रं आपण घटना, चळवळ, धर्मांतर अशा टप्प्यांनी वाचतो. ते ज्या ज्या खोल्यांत राहिले त्यांच्या हिशेबाने त्यांचं आयुष्य पाहिलं, तर आपल्या रोजच्या कटकटीशी ते फार जवळून येऊन भिडतं.

डोक्याशी जातं, पायाशी शेळी

१४ एप्रिल १८९१ ला महू इथे जन्म, मग काही वर्षं साताऱ्यात. शाळेत इतर मुलांपासून वेगळं, घरून आणलेल्या गोणपाटावर बसायचं. पुढे सुभेदार रामजी कुटुंबासह मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत एक खोली घेतली. एकच. तिच्यातच चूल, सरपण, भांडी, माणसं आणि अभ्यास. भीमरावांचं नाव तेव्हा एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये होतं. सगळे जागे असताना त्या खोलीत अभ्यास होणं शक्यच नव्हतं. म्हणून बापलेकांनी त्यावर तोडगा काढला. भीमरावांनी लवकर झोपायचं, रामजींनी जागं राहायचं, रात्री दोनला मुलाला उठवायचं आणि मग त्याच जागेवर स्वतः आडवं व्हायचं. झोपायची जागा म्हणजे डोक्याशी जातं आणि पायाशी शेळी.

दिवसा वाचायला शांत जागा हवी म्हणून भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसायचे. तिथेच त्यांची कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींशी ओळख झाली. बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा कोण, याचं केळुसकरांना कुतूहल वाटलं आणि पुढे त्यांनीच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. १९०७ मध्ये मॅट्रिक, १९१२ मध्ये बी. ए. बडोदा संस्थानाने महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली म्हणून कॉलेज पुरं झालं.

रूमवर अभ्यास होत नाही म्हणून तुमच्यापैकी कितीतरी जण रीडिंग रूमचे पैसे भरतात. डबक चाळीत तेवढीही सोय नव्हती.

न्यूयॉर्क : पहिल्यांदा दार मोकळं

१९१३ च्या जुलैमध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात ते उतरले, पण तिथलं जेवण त्यांना झेपेना. आठवडाभरात ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले, तिथे काही भारतीय विद्यार्थी होते. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांना नवल भथेना नावाचे पारशी मित्र भेटले आणि ही मैत्री जन्मभर टिकली.

म्हणजे आज आपण करतो तेच. पहिली रूम पटली नाही, दुसरी बघितली, मग चांगला सोबती मिळाला. फरक एवढाच की भीमरावांसाठी ही साधी गोष्टही नवी होती. दार उघडताना कुणी जात विचारली नाही. एकाच टेबलावर जेवण, एकाच नळाचं पाणी, एकच ग्रंथालय. रोज तासन्‌तास अभ्यास आणि उरलेल्या पैशांत जुनी पुस्तकं. तिथून १९१६ मध्ये ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. करार होता : शिकून आल्यावर बडोदा संस्थानाची दहा वर्षं नोकरी करायची.

बडोद्यातले अकरा दिवस

त्यांचं सामान दुसऱ्या बोटीने येत होतं आणि महायुद्धात ती बोट बुडाली. पुस्तकंही गेली. त्या सामानाची जी नुकसानभरपाई मिळाली तिच्यातून बडोद्याचा प्रवासखर्च निघाला. सप्टेंबर १९१७. नोकरी पक्की होती, पण राहायचं कुठे हे ठरलेलं नव्हतं. हिंदू खाणावळीत घेणार नाहीत हे माहीत होतं. पारशी धर्मात अस्पृश्यता नाही, म्हणून ते एका पारशी पथिकाश्रमात गेले. तिथल्या रखवालदाराने सांगितलं, की ही जागा फक्त पारशांसाठी आहे. पण पाहुणेच येत नव्हते, त्यामुळे त्यालाही चार पैशांची गरज होती. अखेर तडजोड झाली. नोंदवहीत पारशी नाव लिहायचं आणि राहायचं.

वरच्या मजल्यावर एक छोटी खोली, शेजारी नळ असलेली न्हाणी. बाकी सगळा मोठा हॉल मोडक्या खुर्च्या, बाकं आणि फळ्यांच्या अडगळीने भरलेला. वीज नाही. रखवालदार रात्री एक कंदील आणून ठेवायचा. त्याच्या उजेडात वाचत बसायचं, तर अंधाऱ्या हॉलमध्ये वटवाघळं फडफडायची. बोलायला माणूस नाही. ऑफिसात शिपाई फायली हातात न देता लांबून टाकायचे. तरी भीमरावांनी ही जागा सोडली नाही, कारण दुसरी नव्हती. सरकारी बंगल्यासाठी त्यांनी अर्ज केला होता आणि त्याच्या उत्तराची ते वाट बघत होते.

अकराव्या दिवशी सकाळी ग्रंथालयाची पुस्तकं परत करायला ते निघत होते. पुस्तकं हातातच होती. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे राहिले. तू कोण, खोटं नाव का लावलंस, जागा बाटवलीस, असा भडिमार झाला. भीमरावांनी आठवडाभराची मुदत मागितली. ती मिळाली नाही. संध्याकाळपर्यंत जागा खाली करायचा हुकूम झाला.

त्यांनी दोन मित्रांना विचारलं. एक हिंदू, एक ख्रिस्ती. पहिल्याने सांगितलं, की तुम्ही आलात तर घरातले नोकर निघून जातील. दुसऱ्याच्या घरी पत्नीची तयारी नव्हती. दोघांचंही वागणं सभ्य होतं, नकारही सभ्यच होता. आज मालक थेट जातीवर नाही म्हणत नाही, सोसायटीवाल्यांचं नाव पुढे करतो, घरचे तयार नाहीत म्हणतो. ही पद्धत तेव्हाही होतीच.

मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले चार-पाच तास भीमराव कमाटी बागेत बसून राहिले. पंचवीस-सव्वीस वर्षांचा हा तरुण, डझनभर देशांतल्या विद्यार्थ्यांबरोबर एका छताखाली राहून आलेला, आपल्याच देशात एका खोलीसाठी बागेत बसून होता. पुढे वेटिंग फॉर अ व्हिसा या छोट्या आत्मकथनात त्यांनी हा प्रसंग तपशिलात लिहिला. तेव्हा मध्ये अठरा वर्षं गेली होती. तरी तो आठवला की डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहत नाही, असं त्यांनी त्यात नोंदवलं आहे.

या प्रसंगात एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. भीमराव भाडं देत होते, पण त्या जागेवर त्यांचा हक्क शून्य होता. सगळं तोंडी, तेही खोट्या नावावर, रखवालदाराच्या मर्जीवर. त्यामुळे काठ्या आल्या तेव्हा दाखवायला कागदसुद्धा नव्हता. आणि खरं नाव सांगितलं असतं तर खोली मिळालीच नसती. उपकार म्हणून मिळालेली जागा अशीच जाते.

चाळीतून लंडन, लंडनहून चाळ

मुंबईत परतल्यावर नोव्हेंबर १९१८ पासून ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. राहणं परळच्या बीआयटी चाळीत, दोन खोल्यांत. पगार प्राध्यापकाचा, पण राहणी चाळीतली. लंडनचा अर्धवट अभ्यास पुरा करायचा होता, त्यासाठी ते पैसा साठवत होते. साठवलेली रक्कम, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज एवढ्यावर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा निघाले. बडोद्यात पारशांनी हाकललेल्या माणसाच्या मागे उभा राहिला तोही एक पारशीच. बाबासाहेबांनी बडोद्याचा राग सबंध समाजावर काढला नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं.

लंडनमध्ये जात विचारणारं कुणी नव्हतं, पण घरमालकीण होती. सकाळी ब्रेडचा तुकडा, थोडी मासळी आणि कपभर बोव्हरील, म्हणजे मांसाच्या अर्काचं गरम पेय. एवढ्यावर ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जाऊन बसायचे ते संध्याकाळपर्यंत. दुपारचं जेवण नाही, कारण पैसे नाहीत. रात्री दहाच्या सुमाराला पोटात कावळे ओरडायला लागले, की ओळखीच्या माणसाकडून मिळालेले चार पापड पत्र्यावर भाजायचे आणि पुन्हा वाचायला बसायचं. खोलीतले जोडीदार अस्नोडेकर त्यांना झोपायला सांगून थकायचे. इकडे परळच्या चाळीत रमाबाई त्याहून मोठी ओढाताण सोसत संसार चालवत होत्या. या दांपत्याची पाचपैकी चार मुलं लहानपणीच गेली. तेव्हा रूमवरच्या हालांचा हिशेब करताना घरी मागे राहिलेल्या माणसांचाही हिशेब धरावा लागतो.

१९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी, १९२३ मध्ये डी. एस्सी. त्या काळात ते काही दिवस लंडनच्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेऊन स्मारक केलं. तर शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि तिथल्या कौन्सिलने संग्रहालयाला परवानगी नाकारली. चौकशी, सुनावणी होऊन मार्च २०२० मध्ये कुठे मंजुरी मिळाली. शेजाऱ्यांचा आक्षेप हा प्रकार बाबासाहेबांच्या वाट्याला मृत्यूनंतर साठ वर्षांनीही आला.

खोली मागणारा खोल्या बांधतो

१९२३ मध्ये परत आल्यावर बॅरिस्टर आंबेडकर पुन्हा बीआयटी चाळीतच राहिले. वकिली सुरू झाली, चळवळ उभी राहिली. आणि अगदी सुरुवातीलाच त्यांनी जे काम हातात घेतलं ते होतं विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांचं.

यामागे एक साधा हिशेब होता. शाळा, कॉलेज शहरात. मुलगा खेड्यातला. फी माफ झाली, शिष्यवृत्ती मिळाली, पण रात्री झोपायला जागाच नसेल तर त्या शिष्यवृत्तीचा काय उपयोग? हे शाहू महाराजांनी आधीच ओळखलं होतं. कोल्हापुरात १९०१ पासून त्यांनी एकामागून एक समाजाची वसतिगृहं उभी केली. आपल्या नाशिकमध्येही उदोजी मराठा बोर्डिंगच्या इमारतीची पायाभरणी १९२० मध्ये त्यांच्याच हस्ते झाली. खोली नसेल तर शिक्षण नाही, हे कोल्हापूरच्या राजाला कळलं होतं. बाबासाहेबांनी तर ते भोगलंच होतं.

१९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ मध्ये सभेचं वसतिगृह सोलापूरला सुरू झालं. १९२८ मध्ये त्यांनी दलित मुलांच्या शिक्षणासाठी वेगळी संस्था काढली आणि तिच्यामार्फत पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे, धारवाड इथे वसतिगृहं चालवली. सरकारी अनुदान पुरत नव्हतं, म्हणून निरनिराळ्या समाजांतल्या देणगीदारांपुढे त्यांनी हात पसरले. स्वतःसाठी त्यांनी कुणाकडे आठवड्याची मुदत मागितली ती एकदाच, बडोद्यात. मुलांच्या खोल्यांसाठी मात्र ते वर्षानुवर्षं मागत राहिले.

नाशिकची आठवण निघाली की काळाराम मंदिराचा सत्याग्रह सगळ्यांना आठवतो. २ मार्च १९३० ला सुरू झालेला तो लढा दादासाहेब गायकवाडांनी पाच वर्षं जिद्दीने लढवला. पण मंदिराच्या दाराशी लढा पेटायच्या आधीच बाबासाहेबांनी नाशिकच्या मुलांच्या वसतिगृहाचा विचार केला होता, हे फारसं सांगितलं जात नाही.

पुढे १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. सुरुवात लष्कराच्या रिकाम्या बराकींत. नोकरी करणाऱ्या मुलांसाठी तास भल्या सकाळी, म्हणजे कॉलेज करून कामावर जाता यावं. सातपूरला शिफ्ट सांभाळून शिकणाऱ्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू झालं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं जाऊ लागलं. मराठवाड्यातल्या गावागावांतून आलेल्या मुलांसाठी नागसेनवनात वर्गांबरोबर वसतिगृहंही झाली.

राजगृह आणि शेवटचं घर

स्वतःचं घर बाबासाहेबांनी बांधलं ते चाळिशी उलटल्यावर, दादरच्या हिंदू कॉलनीत. नाव राजगृह. ते बांधण्याचं मोठं कारण होतं पुस्तकं. परळच्या दोन खोल्यांत ती मावत नव्हती. डबक चाळीत ज्याला पुस्तक उघडायला रात्रीचे दोन वाजेपर्यंत थांबावं लागलं, त्याने घराचा नकाशा काढायला घेतला तेव्हा आधी ग्रंथालयाची जागा ठरवली. रमाबाईंना मात्र ते घर फार दिवस लाभलं नाही. २७ मे १९३५ ला त्या गेल्या.

दिल्लीत मंत्री असताना सरकारी बंगला होता. १९५१ मध्ये राजीनामा दिला आणि तो गेला. मग २६, अलीपूर रोड. हे घर सिरोहीच्या महाराजांच्या मालकीचं, बाबासाहेब तिथे भाडेकरू. ज्याच्या अध्यक्षतेखाली देशाच्या घटनेचा मसुदा तयार झाला, तो माणूस ६ डिसेंबर १९५६ च्या पहाटे भाड्याच्या घरात गेला. आदल्या रात्रीही तो बुद्ध अँड हिज धम्म या ग्रंथाच्या प्रस्तावनेचं काम बघत होता.

पुढे त्या घराची मालकी बदलली. सविता आंबेडकरांच्या आठवणींनुसार, १९६७ च्या जानेवारीत त्या बाहेरगावी असताना त्यांच्या खोल्यांतलं सामान काढून अंगणात टाकण्यात आलं. त्यात बाबासाहेबांची कागदपत्रंही होती. त्या रात्री पाऊस पडला आणि बरेच कागद भिजून गेले. आज त्याच जागेवर राष्ट्रीय स्मारक उभं आहे. ते कागद मात्र परत आले नाहीत.

तुमच्या रूमच्या दारापाशी

मग यातून सातपूरच्या मुलांनी काय घ्यायचं? बाबासाहेबांनी एवढं सोसलं, मग तुम्हीही ओल आलेल्या भिंतीपाशी गुमान झोपा, असं अजिबात नाही. त्यांनी सोसलं हे खरं, पण सोसणं हा मार्ग आहे असं त्यांनी कधी मानलं नाही. त्यांनी सगळा जोर लावला तो जागा कुणाच्या मर्जीतून सोडवून नियमात आणण्यासाठी.

राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं इथे धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणालाही अडवता येणार नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. बडोद्याच्या पथिकाश्रमाचं दार अशा रीतीने कायद्याने उघडलं. खाजगी घरमालकाचं दार मात्र या शब्दांत येत नाही, म्हणून आडनावाचा प्रश्न अजून विचारला जातो. ती लढाई आपल्यावर आहे. एका रूममधल्या तिघांना चालतं आणि चौथ्याला आडनावावरून नाही म्हणतात, तेव्हा बाकीचे तिघे काय करतात यावर बरंच ठरतं. बडोद्याचे ते दोन सभ्य मित्र आठवावेत.

बाकी जे कागदावर मिळू शकतं ते कागदावर घ्यायलाच हवं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. राहायला जाताना ओलीचे, मोडक्या नळाचे फोटो काढून ठेवा, डिपॉझिट रोख न देता खात्यावर द्या. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची स्वाधार योजना आहे, बाबासाहेबांच्याच नावाची. योजना आली तेव्हा नाशिकसारख्या शहरासाठी तिची रक्कम वर्षाला ५१ हजार होती. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम योजना आहे. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या कार्यालयांत चौकशी केली, की कागदपत्रांची यादी मिळते. अर्ज वेळेत करा, कारण अर्जाचं उत्तर येईपर्यंत मालक थांबेलच असं नाही. बडोद्यात तो आठवडाभरही थांबला नव्हता.